हिरवा दिवा लागला

लातूरच्या जाहिदानं लेकीच्या मेडिकलच्या तयारीसाठी अखेर घरच्या फोनवर इंटरनेट घेतलं. दुपारी लाइनमन आनंदराज मोडेम जोडायला आला. जेबा केव्हाची कॉम्प्युटरसमोर बसून होती.

"भाभी, फोन चालू हाय का बघा बरं."

जाहिदानं रिसीव्हर कानाला लावला. आत याच खोलीतला पंखा घरघरत होता. मग आनंदराजचा आवाज आला, "हिरवा दिवा लागला."

तिनं वळून पाहिलं. तो मुकाट्यानं तार खोचत होता. जरा वेळानं मोडेमवर दिवा लागला, तेव्हा कुठं तो म्हणाला, "हिरवा दिवा लागला."

तोच रिसीव्हरमधून तिचाच आवाज किंचाळला, "जेबा, बाहेर पळ!"

त्र्याण्णवच्या भूकंपात जाहिदानं भिंती पडताना पाहिल्या होत्या. ती थांबली नाही. "जेबा, बाहेर पळ!" म्हणत तिनं लेकीचा हात धरला आणि अंगण गाठलं. मागोमाग आनंदराज धावला.

अंगणात पानही हलत नव्हतं.

"काय झालं भाभी? कशाला घाबरून राहिल्या?"

तेवढ्यात घरातून जेबाची हाक आली, "अम्मी, कुणाला घेऊन गेलीस?"

जाहिदाच्या मुठीतल्या हातानं तिची बोटं घट्ट आवळली.