फुकटचं आणि विकतचं

काकूंनी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर फोन ठेवला आणि लगेच वळून दाराकडे पाहिलं.

"फोनमधून कुणी चोरून ऐकत असेल, तर शोधता येतं ना?"

"येतं की," दुकानदार म्हणाला. "बसा."

काकू बसल्या नाहीत. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत उभ्याच राहिल्या.

दुकानदाराला हे नवं नव्हतं. त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा तिचा शब्द न् शब्द असाच ऐकायचा. घरच्यांना कळेपर्यंत ती पार खचून गेली होती. तेव्हापासून असं कुणी आलं की तो हातातलं काम बाजूला ठेवायचा.

"आधी तपासणीचं फुकटवालं अॅप लावून बघू."

थोड्या वेळानं स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. सगळं ठीक.

काकूंच्या जिवात जीव आला. "म्हणजे काहीच नाही सापडलं?"

"एवढ्यात निश्चिंत होऊ नका. फुकटवालं नुसती नावं तपासतं. एखाद्यानं नाव बदललं की याला पत्ताच लागत नाही. विकतचं मात्र कोण काय उद्योग करतंय ते बघतं. माझ्याकडे आहे, लावू? पैसे नकोत तुमचे."

"लावा," काकू घाईनं म्हणाल्या. "तेच बघायचंय."

तपासणी रेंगाळली. काकू दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. त्यांची ती येरझार बघून दुकानदारालाही चैन पडेना.

फोन वाजला. स्क्रीन लाल झाली.

"सापडलं! हवामानाचं अॅप म्हणून बसलंय गुपचूप, आणि बोलणं सगळं बाहेर पाठवतंय."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. चेहरा पांढराफटक.

"कुणी घातलं, ते कळतं यात?"

"नाही काकू, ते नाही कळत."

"नक्की?"

"अगदी नक्की. पण घरातलंच कुणीतरी असणार. फोन हातात आल्याशिवाय हे घालता येत नाही." त्याचा आवाज मऊ झाला. "घाबरू नका. आत्ता काढून टाकतो. बहिणीच्या वेळी मला उशीर झाला होता."

त्यानं बोट पुढे नेलं. काकूंनी झटकन फोन ओढून घेतला.

"काढू नका, मीच घातलंय, सापडतं का ते बघायला," त्या हळूच म्हणाल्या. "लेकीच्या फोनमध्येही मी हेच घातलंय, आणि ती उद्या विकतचं घेतेय. त्यालाही सापडणार नाही, असं काही आहे का हो तुमच्याकडे?"