एक हौशी बाई

त्र्यंबकरावांनी नेहमीप्रमाणे ग्रामोफोनच्या पेटीची सुई उचलली आणि गणपुले वकील हळहळले.

"अहो, खाँसाहेब आता नाव सांगणार होते! नेमकं तेवढंच खाल्लंत तुम्ही."

"गाणं संपलं की संपलं," त्र्यंबकराव म्हणाले. "नावासाठी सुई कशाला झिजवायची?"

"विड्याशिवाय जेवण उरकल्यासारखं झालं हे."

दाराआड पानं लावत बसलेल्या येसूला हसू आलं. तिचा नवरा जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात अंमलदार. माणूस मितभाषी आणि मुलखाचा काटकसरी. त्या काळी प्रत्येक तबकडीच्या शेवटी गाणारा आपलं नाव मोठ्याने सांगायचा, म्हणजे सातासमुद्रापलीकडे तबकड्या छापणाऱ्या साहेबांना कुठलं गाणं कुणाचं ते कळे. पण या घरात एकाही गवयाला नाव सांगायची मुभा नव्हती.

नाशिकचे गणपुले वर्षातून एकदा पेटीभर तबकड्या घेऊन यायचे, आणि दोघे आपापल्या आवडीच्या तबकड्या एकमेकांसमोर लावायचे. गणपुल्यांना ताना हव्यात, धबधब्यासारख्या. त्र्यंबकरावांना एकच सूर कुणी नीट धरून ठेवला तरी पुरे. आजही तोडीवरून दोघांची चांगलीच जुंपली होती.

"आता हुकमाचं पान," गणपुले म्हणाले. "जोगिया. तबकडीवर नाव नाही, नुसतं 'एक हौशी बाई' छापलंय. पण शेवटी बाई नावही सांगते आणि गावही. गाव तुमच्याच बाजूचं आहे हो!"

येसूच्या हातातला अडकित्ता थांबला.

वडील वारल्यावर मामाने तिला मुंबईला नेलं, एका उस्तादांकडे शिकवलं आणि एकदाच गाणं भरून घेणाऱ्या साहेबाच्या कर्ण्यासमोर बसवलं. नाव छापायचं नाही, ही मामाची अट साहेबाने पाळली. पण तिच्याआधी गायलेला प्रत्येक जण शेवटी नाव सांगून उठला होता. साहेबाने बोट वर केलं आणि ती पोरसवदा मुलगी बोलून गेली, "मी येसू, मोखाड्याची." मामाने कपाळाला हात लावला. पुढच्याच लगीनसराईत त्याने तिला जव्हारला दिली.

कर्ण्यासमोर गायली ती बाजारात बसली, असं मानणारे ते दिवस. सासरी आल्यापासून येसूने ओवीसुद्धा म्हटली नव्हती. हे कळलं तर त्र्यंबकराव आपल्याला गाडीत बसवून मोखाड्याला धाडतील, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. ही भीती तिच्या उशाला रोज असायची. आज ती ओटीवर येऊन बसली होती.

कर्ण्यातून सूर आला. तिचाच, पण कोवळा. येसू उठून मागच्या दाराशी गेली.

मागच्या पडवीत नाचणी पाखडणारी मोलकरीण रखमी त्या सुरांबरोबर गुणगुणत होती.

"गप बस गं!" येसू तिच्यावर खेकसली.

"काय झाला बाय? तुमी देवळात जाता तवा पेटीतला ऐकून ऐकून तोंडात बसलाय." रखमीने सूप खाली ठेवलं. "तुमी कापताय कशा? ताप आलाय का?"

येसूचे कान ओटीकडे लागले होते. गाणं शेवटाला आलं होतं. आता दोन आवर्तनं. आता एक. तिने डोळे मिटले.

खट्. सुई उचलली गेली.

"हे चालायचं नाही!" गणपुले ओरडले. "पुन्हा लावा, आणि हात पाठीमागे बांधून बसा. आज मी बाईचं नाव तुम्हाला ऐकवणारच."

"बरं," त्र्यंबकराव म्हणाले आणि चावी देऊ लागले. एरवी जपून चावी देणारा माणूस आज बोलता बोलता ती फिरवतच राहिला. पेटीच्या आत कट्कन काहीतरी तुटलं.

"गेली वाटतं चावीची कमान," ते शांतपणे म्हणाले.

गणपुल्यांनी क्षणभर तोंड पाडलं. मग म्हणाले, "हात्तिच्या! माझी पेटी आहे की धर्मशाळेत. शिरपामाळापर्यंत फिरून येऊ आणि येताना ती घेऊन येऊ. तबकडी राहू दे इथेच."

"राहू दे," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांनी तबकडी मेजावर ठेवली, टोपी घातली आणि दोघे बाहेर पडले.

येसूने तबकडी उचलली ती थेट खलबत्त्यापाशी नेली. बत्ता उगारला. हात खाली येईना. जगात तिचा आवाज होता तो एवढाच. तिला रडू फुटलं.

मग तिने मनाशी ठरवलं, लपवायची. हातून पडली, फुटली, तुकडे फेकून दिले, म्हणून सांगायचं. बोलणी खाऊ, पण निभावेल.

लपवायची कुठे? माळ्यावर त्र्यंबकरावांच्या दरबारी पगडीची पेटी होती. दसऱ्याच्या दरबाराखेरीज ती उघडत नसे, आणि उघडायचे तेही तेच. बायकांनी पगडीला हात लावलेला त्यांना खपत नसे. दसरा अजून लांब होता.

बाहेर चपलांचा आवाज आला. नाही, ती रखमी होती. येसू माळ्यावर चढली, पेटीचं झाकण उघडलं आणि पगडी अलगद बाजूला केली.

खाली मऊ उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल, सपाट होतं. तिने ते उलगडून कौलांतून येणाऱ्या उजेडात धरलं. तशीच दुसरी तबकडी. 'एक हौशी बाई.' वाजवून वाजवून तबकडीवरच्या रेघा पांढुरक्या पडल्या होत्या. फक्त सगळ्यात आतली, शेवटची चिंचोळी पट्टी कोरी करकरीत काळी होती.