सफाईदार काम

"मामा, तुझी हौस घरापुरती ठीक आहे. लग्नाला नावाजलेला फोटोग्राफरच हवा," भाचीने ठणकावून सांगितलं. तिच्या पहिल्या पावलापासूनचे सगळे फोटो मामानेच काढले होते. तरी बिचारा कॅमेरा घरी ठेवून आला आणि लग्नभर रिकाम्या हातांनी तिच्या मागे मागे घुटमळला.

वर्षभरात मामा गेला. जन्मभर कॅमेऱ्यामागेच राहिलेल्या माणसाचा एकही धड फोटो घरात सापडेना. लग्नाच्या अल्बममध्येही तो नव्हता. भाची मूळ फोटो मागायला फोटोग्राफरकडे धावली.



"मूळ कशाला, ताई? ते केव्हाच उडवले. सगळ्या फोटोंत तुमच्या मागे एक काका लुडबुडत होते. कसे सफाईने पुसलेत बघा, शोधूनही सापडणार नाहीत!"