समोरची खुर्ची

शेजारच्या औषधवाल्या काकांचं अर्धं डोकं उरकलं होतं, तेवढ्यात सलूनचं दार ढकलून मुलगी आत आली. पाठीवरची गिटारची पिशवी तिने उतरवली आणि दुसऱ्या कुणाची वस्तू परत करावी तशी बाकावर ठेवली.

"मी क्लास सोडला, बाबा."

त्याची कात्री हवेतच थांबली. कात्री डाव्या हातात होती, कारण तो जन्माचा डावखुरा. नवं गिऱ्हाईक तो हात बघून खुर्चीत अंग चोरून बसायचं. तो म्हणायचा, "घाबरू नका, दोन्ही कान घरी न्याल." मग गिऱ्हाईक हसायचं आणि मान सैल सोडायचं. उजव्या हाताच्या लोकांनी बनवलेल्या जगाशी त्याने असंच हसतखेळत जमवून घेतलं होतं.

शनिवारी संध्याकाळी तो मित्रांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. डाव्या हाताची गिटार कुठल्याच दुकानात मिळेना, म्हणून त्याने उजव्या हाताची घेतली, उलटी धरली आणि तारा काढून उलट्या क्रमाने चढवल्या. त्यामुळे खालची आवाजाची बटणं वर आली. गाणं रंगात आलं की त्याचं कोपर बटणाला लागायचं आणि बेस गायब व्हायचा. ड्रमवाला मागून ओरडायचा, "कोपर!" ऐकणाऱ्यांना वाटायचं, हे गाण्यातच आहे. स्टेजवर त्याची जागा कायम कडेची, नाहीतर त्याच्या गिटारची दांडी शेजाऱ्याच्या दांडीशी मारामारी करायची. कडेला हवा चांगली लागते, असं तो सांगायचा, आणि ते खरंही होतं.

धास्ती त्याला एकाच गोष्टीची होती. मुलगी उजव्या हाताची. तिने आपण होऊन बेस शिकायचं म्हटलं, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. पण आपला उलटेपणा तिला चिकटायला नको, म्हणून त्याने तिला सरळ एका चांगल्या सरांच्या क्लासला घातलं. तिच्यासमोर तो स्वतःची गिटार पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नसे. सराव सलूनमध्येच, ती शाळेत असताना. कधीतरी एका शनिवारी ती शेजारी उभी राहून वाजवेल, एवढी एकच इच्छा त्याने मनात धरली होती. बोलला कुणाजवळ नव्हता.

"सर ओरडले का?" त्याने विचारलं.

"नाही. सर चांगले आहेत. ते समोर बसून वाजवून दाखवतात आणि मला सगळं डावं-उजवं डोक्यात फिरवून घ्यावं लागतं. माझं फिरवून होईपर्यंत सर पुढच्या ओळीवर. बाकीच्यांना जमतं. मला नाही जमत."

"माझे मास्तरही समोरच बसायचे. बाकीची पोरं कुरकुरायची, मला मात्र नुसतं बघून यायचं."

"तुझ्यात आहे ते, बाबा. माझ्यात नाही."

तिने हे न चिडता सांगितलं, म्हणून त्याला जास्त लागलं. खुर्चीतले काका आरशातून दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

"अहो, एकदा तुम्हीच दाखवा की तिला," ते म्हणाले.

"नको काका. माझा हात उलटा. तिचाही बिघडायचा."

"क्लास सोडलेल्या पोरीचा हात आणखी किती बिघडणार? वाजवा तुम्ही. माझं उरलेलं डोकं कुठे पळून जात नाही."

मुलीने पिशवीची चेन उघडली. तेवढ्यावर तो विरघळला. पडद्यामागून त्याने स्वतःची गिटार आणली. रिकामी खुर्ची वळवून मुलीला बसवलं आणि स्वतः तिच्या समोर बाकावर बसला. क्लासमधलंच गाणं त्याने धरलं, अगदी सावकाश. आता हिच्या कपाळावर आठ्या पडणार, म्हणून तो मान खाली घालून वाजवत राहिला.

मग त्याला दुसरी गिटार ऐकू आली.

त्याने वर बघितलं. त्याचा दांडीवरचा हात दाराच्या बाजूला सरकला, तिचाही दाराच्या बाजूला सरकला. त्याचा आत आला, तिचाही आला. ती आपल्या बोटांकडे बघतसुद्धा नव्हती, फक्त त्याच्याकडे बघत होती. गाणं शेवटपर्यंत गेलं. त्यांनी ते पुन्हा वाजवलं, या वेळी थोडं भरभर. औषधवाले काका कापडाखालून ताल धरून बसले होते, अर्धवट डोक्याने.

"हे तुला कसं आलं?" त्याने विचारलं.

"काय माहीत. आरशात बघून वाजवल्यासारखं वाटलं. काही फिरवावंच लागलं नाही."

सगळा दिवस आरशासमोर उभा राहणाऱ्या त्या माणसाने मान वळवून आरशाकडे बघितलं. त्याला आपले म्हातारे मास्तर आठवले. तुला एकट्यालाच कसं रे पटकन येतं, असं ते नेहमी विचारायचे. त्याचं उत्तर त्यांनाही कधी सापडलं नव्हतं आणि त्यालाही.

"पण माझा हात उलटा आहे ना गं," तो म्हणाला. जन्मभराची सवय होती.

मुलगी पुढच्या गाण्यासाठी तारांवर बोटं ठेवून बसली होती. त्याने सुरू करायची ती वाट बघत होती.

"तू कुठे उलटा आहेस, बाबा?" ती म्हणाली. "उलटे तर सर आहेत."