दुसरी वेलांटी

प्रूफरीडरने आधी पेन मागितलं.

"लाल असेल तर बरं," तो म्हणाला.

वकिलाने खिसे चाचपून एक लाल पेन काढून दिलं. वॉर्डात टोकदार वस्तू चालत नाही. अठ्ठावीस दिवसांत म्हाताऱ्याच्या हातात पेन आलं नव्हतं. त्याने ते दोन बोटांत धरून नुसतंच तोललं, टोपण काढलं आणि मुलीच्या अर्जाची प्रत पुढ्यात ओढली.

टेबलापलीकडे सुनावणी घेणाऱ्या मंडळाचे तिघं बसले होते. मधे अध्यक्षबाई, एका अंगाला डॉक्टर, दुसऱ्या अंगाला चहा गार होऊ देणारे एक सभासद. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात ठेवलं तर त्याच्याविरुद्धचा अर्ज त्याला वाचू द्यावा, फुकट वकील द्यावा आणि तिघांनी बसून त्याचं म्हणणं ऐकावं, असा कायदा आहे. कायदा चांगलाच आहे. घरी ऐकायला एखादं माणूस नेमून देईल असा कायदा मात्र अजून निघालेला नाही.

मुलगी टेबलाच्या टोकाला होती. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली. गळ्यातलं ओळखपत्र काढायचं राहून गेलं होतं. बाप आत आल्यापासून तिने मान वर केली नव्हती.

वकील म्हाताऱ्याच्या कानाशी वाकला. "काका, सगळं तिसऱ्या मुद्द्यावर अडलंय. सज्जावर चढल्याचा. बघणारी एकटी तुमची मुलगी. तुम्ही फक्त 'नाही' म्हणा. संध्याकाळी घरी."

म्हातारा मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. तो वाचत होता. चाळीस वर्षं त्याने छापखान्यात डोळ्यांत तेल घालून प्रुफं तपासली. छापखाना बंद झाला, तेल तेवढं डोळ्यांत राहिलं.

पेनाचं टोक ओळीखालून सरकत गेलं. पहिला मुद्दा, नऊ रात्री झोपले नाहीत. दुसरा, ज्या पुड्यावर छपाईची चूक असेल त्यातलं काही खात नाहीत, म्हणजे जवळजवळ काहीच खात नाहीत. तिसरा, समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, कठड्याबाहेरच्या सज्जावर, रंगाचा डबा घेऊन उभे होते. इमारतीचं नाव 'आर्शीवाद' असं रंगवलेलं आहे, त्यातला रफार त्यांना हलवायचा होता.

आणि सगळ्यात शेवटी एक ओळ. 'मी कामावर गेले की त्यांच्याजवळ कोणी नसतं. घरी परत येताना मला भीती वाटते.'

तिथे पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. त्या ओळीत एकही चूक नव्हती.

मग ते परत वर गेलं, अगदी पहिल्या ओळीवर, आणि समासात एक बारीक लाल खूण उमटली.

"अर्जात काही चुकीचं आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आहे."

वकील सावरून बसला. मुलीने पहिल्यांदा मान वर केली.

"पहिल्याच ओळीत. 'माझे वडिल' असं लिहिलंय. वडील दुसऱ्या वेलांटीने. ती तिसरीत होती तेव्हापासून सांगतोय."

चहावाले सभासद हसले. मुलीला हसू आलं नाही.

"तुम्हीच म्हणाला होतात ना बाबा, पहिली म्हणून," ती हळूच म्हणाली.

"'वडिलांना' लिहिताना पहिली. पुढे काही जोडलेलं असलं की पहिली." त्याने पेन टेबलावर टेकवलं. "वडील एकटे असले की दुसरी."

डॉक्टरांनी आपल्या कागदात उगाच काहीतरी शोधलं.

"बरं, वेलांटीचं कळलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण मजकूर? सज्जाचं लिहिलंय ते खरं आहे की नाही?"

वकिलाने टेबलाखालून म्हाताऱ्याचा गुडघा दाबला. एक शब्द, की संपलं. म्हाताऱ्याने मुलीकडे पाहिलं. ओळखपत्रावरच्या फोटोत ती बरीच जाड होती. डोळ्यांखाली काळंही नव्हतं.

"बाकी मजकूर शुद्ध आहे," तो म्हणाला.

"म्हणजे खरं?"

"खरं. तो रफार अजून तिथेच आहे, बाई. दिसला की मी परत चढेन."

हातातोंडाशी आलेला घास गेला. वकिलाने फाइल मिटली. तिघांनी डोकी जवळ आणली, दोन वाक्यं कुजबुजली आणि शिक्का बसला. आणखी तीस दिवस.

वॉर्डातला माणूस न्यायला आला. त्याने आधी पेनासाठी हात पुढे केला. म्हाताऱ्याने टोपण लावून पेन मुकाट्याने त्याच्या हातावर ठेवलं. कागद मात्र दिला नाही. तो टेबलावरून सरकवत सरकवत मुलीपर्यंत नेला.

"दुरुस्ती कर आणि दुसरं प्रूफ दाखव," तो म्हणाला. "एका वाचनात सगळ्या चुका सापडत नाहीत."

"हो बाबा."

"पक्कं?"

तिने नुसती मान हलवली. वॉर्डातल्या माणसाने त्याचा दंड धरला. दारापर्यंत गेल्यावर म्हातारा थांबला, वळला.

"टपालाने नको पाठवू," तो म्हणाला. "स्वतः घेऊन ये."