निळा ठिपका

"ताई, तुमच्या गाण्यात एक ठोका कमी आहे," आजोबा म्हणाले.

रुग्णालयातल्या पलंगावर त्यांची बायको डोळे मिटून पडली होती. मेंदूत रक्ताची गुठळी झाली त्याला अडीच महिने झाले, तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नव्हती. कानांवर जाड काळे हेडफोन होते आणि उजव्या हाताचं एक बोट चादरीवर हळूहळू आपटत होतं. आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. ठोका चुकला की त्यांना चैन पडत नसे.

"आठ वाजवते, नववा गाळते, पुन्हा सुरू. रोज तेच. बारा दिवस मोजतोय मी. तुमच्या रेकॉर्डिंगमध्येच गडबड आहे. डॉक्टरीणबाई झालात की आधी ते बदला."

 संशोधन करणाऱ्या त्या मुलीने हातातल्या तक्त्यावरची तारीख उगाच पुन्हा गिरवली. खरं सांगायची सोयच नव्हती. हेडफोन जोडलेल्या प्लेअरच्या पाठीवर ठिपके होते, तिनेच चिकटवलेले. लाल ठिपक्यात संगीत होतं. निळ्यात वीस मिनिटं काहीच नव्हतं. कोणाला काय मिळतंय ते घरच्यांना सांगायचं नाही, असा नियम होता. आजोबांनी सही केली त्या कागदावर तसं छापलेलंही होतं, पण सही करताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "ही बोलेल ना?" आजींच्या प्लेअरवर निळा ठिपका होता.

"काय म्हणतंय सतरा नंबरचं बोट?" सकाळीच तिच्या सरांनी हसत विचारलं होतं. निळ्या गटात बोटं हलायला नको होती, आणि या आजींचं बोट लाल गटातल्या कोणाहीपेक्षा जास्त हलत होतं. दोन गटांतला सगळा फरकच त्यात बुडत होता. "ती हालचाल आपोआप होते. शून्य लिही." मुलीने तोंड उघडलं तसे ते म्हणाले, "गोष्टींचे दिवस गेले गं. आता गोष्ट कोण छापतं? आकडे आण."

त्यात खोटं काही नव्हतं. संगीताने होणाऱ्या उपचारांवरचे चाळीस वर्षांतले तीनशे पेपर तिने वाचून काढले होते. जुन्या पेपरांत एकेक माणूस दहा-दहा पानं असायचा. तो काय काम करायचा, कुठल्या सुरावर रडला, बायकोला काय म्हणाला, सगळं. मग माणसं वीस झाली, मग दोनशे, आणि जसजशी वाढली तसतशी रोडावत गेली. आता माणसाचा नुसता क्रमांक उरला होता, शेजारी मेंदूचा रंगीत फोटो. तिच्या तक्त्यात तर शेऱ्याचा रकानाही नव्हता. आजींचे बाराही दिवसांचे रकाने तिने कोरे ठेवले होते, आणि संध्याकाळी तक्ता द्यायचा होता.

"मला ऐकू द्या जरा," आजोबा म्हणाले. ती नको म्हणेपर्यंत त्यांनी हलक्या हाताने आजींच्या कानांवरचे हेडफोन काढून स्वतःला लावलेसुद्धा.

त्यांनी डोळे मिटले. घड्याळ कानाशी धरावं तशी मान कलती केली. बराच वेळ ते तसेच बसले. मग प्लेअर उचलून पाहिला. हिरवा दिवा लागलेला होता.

"बंद आहे हे."

"चालू आहे, आजोबा." ती म्हणाली. "त्यात गाणं नाहीच आहे. पहिल्या दिवसापासून नव्हतं. निम्म्या पेशंटना देतो, निम्म्यांना नाही. फरक बघायला."

आजोबांचा चेहरा पडला. "आणि मी आल्यागेल्याला सांगत सुटलो, हिला गाण्याने गुण येतोय म्हणून."

"माफ करा," ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पण आजोबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. हेडफोन त्यांच्या मांडीवर होते, आजींचे कान मोकळे होते, आणि चादरीवरचं बोट चालूच होतं. सहा, सात, आठ. थांबलं. पुन्हा एक.

आजोबा खुर्चीच्या कडेवर सरकले.

"अहो, हे तर हिचं गाणं," ते हळूच म्हणाले. "पोरांना निजवताना म्हणायची. एका जागी शब्द आठवायचा नाही तिला. रोज तिथे अडायची, तेवढा गाळायची आणि पुढे जायची, जसं काही झालंच नाही. मी किती चेष्टा करायचो." त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "म्हणजे हे तिचं तीच म्हणतेय. आत."

आणि ते बोटाबरोबर गुणगुणायला लागले. आवाज फाटका होता, सूर तर जागेवर नव्हताच. निळ्या गटाच्या खोलीत संगीत चालत नाही. त्यांना थांबवणं मुलीचं काम होतं. थांबवलं नाही तर सतरा नंबर बाद, पेशंट कमी, पेपर लांबणीवर, आणि सर तिची सालं काढणार ते वेगळंच. तिने सतरा नंबरच्या ओळीवर काट मारली. मग तक्ता उलटा केला. मागची बाजू पूर्ण कोरी होती. घड्याळजी, तिने लिहिलं. बायको. पोरांना निजवायचं गाणं.

"आजोबा, तिथे शब्द कोणता आहे?"

"मला काय ठाऊक?" ते म्हणाले. "मी ते गाणं हिच्याच तोंडून ऐकलंय."

आठ वाजवून बोट थांबलं. आजोबा थांबले. मुलीचं पेनही थांबलं.

मग बोट पुन्हा चालू झालं.