नेमून दिलेली ताई

"आजही आलेत," कोणीतरी हसत म्हणालं आणि ताईने मान वळवली. जिन्याखालच्या बाकावर पहिल्या वर्षाच्या एका नव्या मुलीचे बाबा बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लेकीचा डबा.

ताई कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. शाळेतून नव्याने आलेली मुलं पहिले काही महिने बुजतात, म्हणून तिथे प्रत्येकाला एक जुना विद्यार्थी सोबतीला नेमून देत. मॅडमनी ताईच्या वाट्याला ही मुलगी दिली होती. पण ही कुठे बुजरी होती? आल्या आल्या तिने वेळापत्रक पाठ केलं, प्रयोगशाळेत जोडीदारीण शोधली. अडचण एकच होती, आणि ती रोज सकाळी तिच्याबरोबर चालत यायची आणि शेवटच्या तासापर्यंत बाकावर बसून राहायची. वर्गातली मुलं बाबांना 'रोल नंबर शून्य' म्हणू लागली होती.

"मी बोलू का त्यांच्याशी?" ताईने विचारलं. "गोडीत सांगते, येऊ नका म्हणून."

"बोल ना, ताई. रोज बोल. पण येऊ नका म्हणू नकोस. माझं मी बघते," मुलगी म्हणाली आणि तासाला पळाली.

बिचारी बापाला घाबरते, ताईला वाटलं. ती बाकावर जाऊन बसली. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण बाबांनीच आधी विचारलं, "वर्गात मुलं किती असतात गं? मागच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का? परत विचारलं तर सर रागावतात?" प्रत्येक उत्तर ते कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात घंटा झाली. बाबा चटकन उठून उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, आणि ओशाळून पुन्हा बसले.

ताईच्या तोंडून 'येऊ नका' काही निघालं नाही.

मग कुठल्याही नव्या विद्यार्थ्यासाठी करते तेच तिने केलं. बाबांना ग्रंथालय दाखवलं, कँटीनवाल्याशी ओळख करून दिली, कुठल्या खिडकीशी वारा लागतो ते सांगितलं. मैत्रिणी चिडवायच्या, "तुला मुलगी नेमून दिलीय की तिचा बाप?" ताई हसण्यावारी न्यायची. तिची स्वतःची परीक्षा तोंडावर आली होती, अभ्यास मागे पडत होता, तरी मधल्या सुट्टीत ती बाकाशी यायचीच.

एका दुपारी पहिल्या वर्षाची दुसरीच एक मुलगी जिन्यावर रडत बसली होती. गणितात नापास झाली होती आणि कॉलेज सोडून घरी जाते म्हणत होती. ताईने गणित दोनदा समजावलं. ती नुसतीच मान हलवत राहिली.

"तिला काय येत नाही ते राहू दे," मागून बाबांचा आवाज आला. "काय येतं ते विचार."

ते बाकावर सरकले. मुलगी डोळे पुसत शेजारी जाऊन बसली. बाबांनी पार अपूर्णांकांपासून सुरुवात केली. उन्हं कलली तेव्हा तिचं ते गणित सुटलं होतं, आणि पुढचं तिने कोणी न सांगता घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. आठवड्याभरात बाक पुरेना. ताईने मॅडमच्या मागे लागून कॉलेज सुटल्यानंतर एक रिकामी खोली मिळवली. तेव्हापासून बाबा सकाळी यायचे बंद झाले. ते संध्याकाळी येऊ लागले, आणि लेक तिच्या मैत्रिणींबरोबर हुंदडायला मोकळी झाली. रोल नंबर शून्य कोणी म्हणेना. सगळे 'सर' म्हणू लागले.

सहामाही संपली. नवी-जुनी मुलं एकत्र बसवून मॅडमनी ताईचं भरभरून कौतुक केलं. तिने सांभाळलेली मुलगी सगळ्यात लवकर रुळली, म्हणाल्या. ताई अवघडून उभी राहिली.

"मॅडम, खरं सांगू? हिच्यासाठी मी काहीच केलं नाही. माझा सगळा वेळ हिच्या बाबांबरोबरच गेला."

मॅडमनी हसून मुलीकडे पाहिलं. मुलगी उठली.

"ताई, बाबा माझ्याच शाळेत गणित शिकवायचे. माझी शाळा संपली आणि ते निवृत्त झाले. आम्ही दोघांनी शाळा एकदमच सोडली. इथे आल्या दिवशी मॅडमनी विचारलं, तुला सोबतीला कोणी हवंय का? मी म्हटलं, मला नको, बाबांना द्या."